गाठोड्यात न मावलेली वावरं

आईचा फोन यंदाही शिमग्याच्या आधीच आला. "हळद उकडायला लावली रे. तू कधी येऊन राहिला?" एवढंच विचारते ती. आबा कसे आहेत हे ती आपणहून सांगत नाही आणि मीही फोनवर विचारत नाही. पुण्याहून हिंगोली, हिंगोलीहून औंढ्याकडची जीप, आणि सिद्धेश्वरच्या कालव्यावरचा पूल ओलांडला की खिडकीतून तो वास आत येतो. उकडलेल्या हळदीचा. ओल्या मातीचा, थोडा औषधाचा, थोडा घशात बसणारा. शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावतो, आणि मी ओळखतो की हा आपल्याकडचा नाही.

या दिवसांत आमचं गाव पिवळं असतं. अंगणं पिवळी, खळी पिवळी, शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग पिवळा. कोंबड्यांचे पाय पिवळे, कुत्र्यांची पोटं पिवळी. लग्नसराई तोंडावर आलेली असते आणि पाहुणे दरवर्षी तीच थट्टा करतात की या गावात नवरदेव ओळखायचा कसा, इथं तर सगळेच हळद लावून बसलेत. मी लहानपणी या थट्टेवर हसत असे. आता हसण्याच्या जागी नुसती मान हलवतो.

उकडलेली हळद पंधरा-वीस दिवस उन्हात पसरून ठेवावी लागते, आणि तिच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं. शेळ्या येतात, ढग येतात. हे बसायचं काम म्हाताऱ्यांकडे असतं. हातात काठी, डोक्यावर टॉवेल किंवा पदर, आणि दिवसभर जागा सोडायची नाही. बाकी वर्षभर ज्यांना कुणी दोन शब्द विचारत नाही अशी ही माणसं या दिवसांत एका जागी, रिकामी आणि बोलायला तयार सापडतात. आबांना हे बरोबर ठाऊक होतं. म्हणून त्यांनी या माणसांचं बोलणं जमा करायला हळदीचाच हंगाम निवडला.

आबा म्हणजे माझे वडील. गावचे कोतवाल होते, निवृत्त झाले. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिशी वाटायच्या, दवंडी द्यायची, पीकपाहणीला साहेबाच्या पुढं चालायचं. शिक्षण चौथीपर्यंत. पण शिवारातला एकेक बांध त्यांच्या पायाखालचा होता, आणि प्रत्येक वावराचं नाव त्यांना येत होतं. आमच्याकडे वावराला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण घरात कुणी म्हणत नाही की गट नंबर अमुकला पाणी द्यायला चाललो. चिंचेचं, खारीतलं, डोहाकडचं, तेलणीचं, उभी पट्टी. प्रत्येक नावामागं काहीतरी घडलेलं असतं, आणि ते सांगणारी माणसं दर आळीत आता थोडीच उरली होती.

तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत वरच्या आळीतला एक तरणा माणूस आबांना म्हणाला, "काका, ते नाव-बिव सोडा, नंबर सांगा, मोबाईलवर नकाशा निघतो." आबा घरी आले ते फुगूनच.

"वावराला नंबर असतो व्हय? नंबर कैद्याला असतो," ते मला म्हणाले. "तू पुण्यात लोकांचं समदं मशीनीत ठिवतो म्हणतो न्हवं? मंग आपल्या गावाचं काहून ठिवत न्हाई?"

मला आनंद झाला होता. आबांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

माझं काम तेच आहे. एक नाव आणि त्या नावाखाली जे असेल ते, अशा लाखो जोड्या कुठं आणि कशा ठेवायच्या हे मी ठरवतो. आमच्याकडच्या डेटाबेसमध्ये अशा जोड्या एका डॉक्युमेंटमध्ये बांधता येतात. डॉक्युमेंट म्हणजे गाठोडंच समजा. गाठोडं सोडलं की आतलं सगळं एकदम समोर येतं, हा त्याचा फायदा. आणि गाठोड्याला हद्द असते, हा तोटा. सोळा एमबी. म्हणजे लग्नातले तीन-चार चांगले फोटो. एवढं भरलं की त्यात आणखी काही घुसत नाही. म्हणून वाढत जाणारी गोष्ट एका गाठोड्यात कधी बांधायची नाही; प्रत्येक जोडीची वेगळी पुडी करायची आणि पुडीवर गावाचं नाव लिहायचं. कामावर नव्यानं आलेल्या पोरापोरींना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो. हातात चहाचा कप घेऊन, थोडा भाव खात शिकवतो.

आबांनाही मी तसंच समजावून सांगितलं. ते काठीनं हळद सारखी करत ऐकत होते.

"म्हंजी वरच्या आळीचं येगळं आन् भीमनगरचं येगळं?"

"तसं न्हाई आबा. एकेक वावर येगळं."

"मंग गाव कुटं ऱ्हायलं त्याच्यात?"

तांत्रिक उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"हे बघ," आबा म्हणाले, "आपली वस्ती कागदावर जल्मभर येगळी लिवली. पाण्याची टाकी येगळी, मसणवटा येगळा. मी सोता त्या कागदाच्या नोटिशी वाटल्या. तुझ्या मशीनीत तरी गाव एका जागी असू दे. फोडू नको."

भीमनगर म्हणजे आमची वस्ती, ओढ्याच्या अलीकडची. मी मान डोलावली. गाव फोडलं नाही. सबंध गावाचं एक डॉक्युमेंट केलं, आणि त्यात वावराचं नाव आणि नावाखाली सांगणाऱ्याचा आवाज, असं बांधत गेलो. आवाज दाबून दाबून बारीक केला. मनात एक हिशेब केला आणि म्हटलं, मावेल. खरं म्हणजे हिशेब केलाच नाही, नुसतं म्हटलं. एरवी कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं असतं. पण ते माझ्या बापानं मागितलं होतं, आणि गाव एका जागी ही कल्पना मला इतकी आवडली होती की मला स्वतःचाच धडा आठवेना.

दुसरी चूकही अशीच, आबांच्या शब्दाखातर झालेली. गावात रेंज येते आणि जाते. पहिल्या दिवशी आबांनी फोन धुरपताबाईंच्या तोंडापुढं धरला. आमच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आबांना अरेतुरे करणारी गावात उरलेली एकटीच. ती नुसती चाचणी होती, पण बाई मन लावून बोलल्या आणि मग फोनवर गोल फिरत राहिलेलं चक्र बघून म्हणाल्या, "हे फिरूनच राहिलं की रे. पोचलं का न्हाई माहं?" आबांनी मला बाजूला घेतलं. म्हातारं माणूस मनातलं एकदाच बोलतं, त्याला पुन्हा बोल म्हटलं तर अपमान वाटतो, असं त्यांचं म्हणणं. बोलणं संपलं की लगेच पोचपावती दिसली पाहिजे. मग मी तसंच केलं. बोलणं संपलं की हिरवी खूण आणि खाली मोठ्या अक्षरात 'जमा झालं'. प्रत्यक्षात ते फोनमध्येच असायचं, रेंज आली की सावकाश पुण्याला जायचं. गेलं की फोनमधून पुसलं जायचं, कारण आबांच्या फोनमध्ये जागा थोडी होती. तिकडून उत्तर काय येतं याची वाट फोन बघत नव्हता.

मग तो हंगाम सुरू झाला, आणि मला तो अजून सुट्या सुट्या तुकड्यांत दिसतो. पिवळ्या अंगणात उकिडवे बसलेले आबा. फोन दोन्ही हातांत धरलेला. समोर पाटलांच्या घरची आजी, जिच्या दारात आबा चाळीस वर्षं पायरीखाली उभे राहून नोटीस देत आले, ती आता त्यांना म्हणतेय, "कोतवाल, वर बसा की हो, आवाज बराबर येत न्हाई तिथून." आबा वर बसले होते. मी तो प्रसंग पाहिला आणि घरी येऊन आईला सांगितला, तर ती म्हणाली, "बसले का? पाय दुखत असतील." पण चुलीपुढं तिचा हात थोडा वेळ थांबला होता.

आबांनी सुरुवात वरच्या आळीपासून केली. मग मधली आळी, मग खालची. मी म्हटलं, आधी आपल्या वस्तीचं घ्या की, आपली म्हातारी माणसं थोडी उरलीत. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पंगतीत वाढायच्या आधीच ताटावर बसा म्हणालो. "कोतवाल घरापसून सुरू करत न्हाई," ते म्हणाले. "वाढणारानं शेवटी जेवावं." जन्मभर दवंडी त्या वाटेनं गेली होती, नोटिशी त्या वाटेनं गेल्या होत्या. त्यांच्या पायांना दुसरी वाट येत नव्हती. भीमनगरची पाळी आली तेव्हा हळद वाळून पॉलिशच्या ड्रममध्ये पडायला लागली होती आणि गावभर त्या ड्रमांचा खडखडाट होता.

रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा. "आलं का रे आजचं?" मी मीटिंगमध्ये असायचो किंवा मीटिंगमधून उठत असायचो. गाव उघडून बघायचो, नावांची लांबच लांब यादी दिसायची. "आलं, आबा." मोजलं नाही. एकदाही शेवटपर्यंत खाली गेलो नाही.

एका रविवारी मी वस्तीत होतो. धुरपताबाई ओढ्याकडच्या एका पट्टीचं सांगत होत्या. पट्टीचं नाव 'दोन भाकरीचं'. सांगता सांगता त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले, भाकरी थापावी तसे, आणि भोवती बसलेल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आबा तर डोळे पुसत होते. मी तिथंच होतो, चार हातांवर. माझ्या कानात हेडफोन होते, ऑफिसमधलं कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मनात म्हटलं, जमा होतंय, नंतर निवांत ऐकू.

भादव्यात आबांना लकव्याचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी सहाव्या दिवशी नीट डोळे उघडले, आणि मला वाटलं, त्यांना त्यांचंच गाव ऐकवावं. खाटेजवळ स्टुलावर बसून मी गाव उघडलं. वरची आळी होती. मधली होती. खालची आळी अर्ध्याहून जास्त होती. त्याच्या पुढं काही नव्हतं. मी वर-खाली करून पाहिलं, फोन बंद करून सुरू केला, बाहेर जाऊन जिन्यात उभा राहून पुन्हा पाहिलं. सर्व्हरवर एक फाइल असते, झालेल्या चुका तिच्यात आपोआप लिहिल्या जातात आणि ती कुणी वाचत नाही. ती उघडली. एकाच तारखेपासून पुढं, ओळीमागून ओळ, एकच मजकूर: डॉक्युमेंट भरलं आहे, नोंद घेता येत नाही. प्रत्येक ओळीत ज्याची नोंद घेतली नाही त्याचं नाव तेवढं होतं. रुसलेलं. मावशीचा पदर. सात जणींचं. आंधळ्याची उडी. हाडोळ्यातलं तिरकं. दोन भाकरीचं. नावं सगळी होती, आवाज एकही नव्हता. ज्या चुकीबद्दल मी दुसऱ्यांना शिकवून पगार घेतो ती माझ्याच घरात झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा दाट असतो हे मला माहीत नव्हतं.

यंत्राला जात कळत नाही, असं मी मित्रांमध्ये अभिमानानं म्हणत आलो. खरंच कळत नाही. त्याला फक्त आधी कोण आलं आणि जागा किती उरली एवढं कळतं. आणि आमच्या गावात आधी कोण येतं हे फार जुनं ठरलेलं आहे. कुणी काही वाईट केलं नाही. पाटलांच्या आजीनं आबांना वर बसवलं, सगळ्यांनी जीव ओतून सांगितलं, आबांनी रीत पाळली, मी बापाचा शब्द पाळला. आणि गाव एका जागी बांधलं तेव्हा पुन्हा आम्हीच बाहेर राहिलो. याचा राग कुणावर काढावा हे मला आजतागायत कळलेलं नाही, म्हणून तो माझ्यापाशीच आहे.

दुरुस्ती मी केली. एका शनिवार-रविवारचं काम होतं. आता प्रत्येक वावराचं वेगळं डॉक्युमेंट आहे, पाठवलेलं पोचल्याशिवाय फोन पुसत नाही, आणि सबंध मराठवाड्याची वावरं आली तरी जागा पुरेल. बैल गेला आणि झोपा केला.

मग वस्तीत फिरलो. धुरपताबाई त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या. त्यांच्या सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आत्याबाईच सांगायच्या. आमी नुसतं हासायचो." दुसऱ्या एका आजोबांनी तर मला उभंही केलं नाही. "एकडाव सांगितलं की. जमा झालं म्हणला व्हता तुझा बाप. आता पुन्हा काहून?" मी त्यांना खरं सांगू शकलो नाही. जमा झालं नव्हतं म्हटलं असतं तर आबा खोटे ठरले असते, आणि आबा तिकडं खाटेवर होते. बाकीचे सगळे एकच म्हणाले, "ते तुझ्या बापालाच ठाऊक. त्यालाच इचार."

आबांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द राहिला. व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादा शब्द मागं राहतो. त्याचा अर्थ हो असेलच असं नाही. आई सुरुवातीला सगळ्यांना हसून सांगायची, "लगीन झाल्यापसून माह्या बोलण्याला एकडाव व्हय म्हणले न्हाईत. आता दिवसभर व्हय." आता ती हे सांगत नाही.

गेल्या वर्षी हळदीत मी त्यांच्या खाटेशी बसून विचारलं होतं. "आबा, दोन भाकरीचं म्हंजी दोन भाकरी देऊन घेतलेलं?"

"व्हय."

"का दोन भाकरी खाऊन व्हईस्तोवर नांगरून व्हायचं, एवढं बारीक?"

"व्हय."

"का दोघी जावांनी वाटून घेतलेलं?"

"व्हय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चिडून की आठवून, ते कळायला मार्ग नव्हता. मी विचारणं थांबवलं.

पण ऐकायचं त्यांना असतंच. दर हंगामात, हळद अंगणात पसरली की ते डावा हात कानाशी नेतात. मी फोन लावतो. पाटलांची आजी बोलते, आबा मान डोलावतात. मधल्या आळीतला कुणी बोलता बोलता हसतो, तसं आबाही हसतात. हे दीड-दोन तास चालतं. मग खालच्या आळीतला शेवटचा आवाज संपतो, आणि ते हात ओढ्याकडे करतात. आमच्या वस्तीच्या वावरांकडे. आता आपलं लाव. दोन हंगाम मी बॅटरी संपली म्हणालो, रेंज नाही म्हणालो.

यंदा ऊन चांगलं होतं. आई आत भाकरी करत होती. शेवटचा आवाज संपला, आबांचा हात ओढ्याकडे गेला, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला. दुसरा शब्द नाही, कंटाळाच.

"आबा, आपल्या वस्तीचं जमा झालंच न्हाई. एक बी न्हाई. आधीच्यातच जागा भरून गेली. तुमी रोज इचारायचे आन् मी न बघता आलं म्हणायचो. धुरपताबाईचं गेलं, तुमचं गेलं, समदं गेलं. चूक माही हाय."

"व्हय," आबा म्हणाले.

आत चुलीवरचा आवाज थांबला होता. आबांनी डाव्या हातानं माझ्या हातातला फोन ओढला आणि तोंडापुढं धरला, पूर्वी दुसऱ्यांच्या तोंडापुढं धरायचे तसा. माझ्याकडे बघून हनुवटी उचलली. मी नाव टाकलं, दोन भाकरीचं, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ते सांगायला लागले. व्हय, व्हय, व्हय. आधी हळू, मग रंगून. मध्येच बाईच्या आवाजात, मध्येच दरडावून. डोळे मोठे करून, ओढ्याकडे मान वळवून, एका जागी श्वास रोखून. गोष्टीत दोन माणसं होती हे कळत होतं, भांडण होतं हे कळत होतं, आणि शेवटाकडे काहीतरी असं होतं की ते स्वतःच हसायला लागले. त्यांनी फोन मांडीवर टाकला आणि डावा तळहात मांडीवर आपटला. एकदा, दोनदा. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिचे हात पिठाचे होते.

सांगून झालं. आबांना घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेत कविता म्हणून झाल्यावर मी त्यांच्याकडे बघायचो तसं, आणि बघत राहिले.

"कळलं, आबा," मी म्हणालो.